तोंडी राहिली होती

स्मरणिकेसाठी लिही लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, पण शाळा म्हटलं की मला पहिली आठवते ती नववीची राहिलेली तोंडी. कावीळ झाली म्हणून माझी सायन्सची तोंडी बुडाली, तर बाईंनी सुट्टीत घरी बोलावलं आणि मेथी निवडता निवडता घटसर्पावर (म्हणजे डिप्थेरियावर) प्रश्न विचारले, मीपण समोर बसून काड्या बाजूला करत उत्तरं देत होते, जंतूचं नाव मात्र काही केल्या आठवेना!

हे सगळं परत आठवलं २०१५ ला. तेव्हा मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ड्युटी करायचे आणि इंगेबोर्ग रापोपोर्ट यांची बातमी वाचनात आली. ह्या डॉक्टरबाईंचीही तोंडीच राहिलेली, तीही घटसर्पावरच्या थिसिसची, आणि किती, तर ७७ वर्षं. १९३८, हांबुर्ग. थिसिस तयार, गाईड प्रोफेसर डेगक्विट्झना पसंत, पण आई ज्यू वंशाची म्हणून नाझी कायद्याने तोंडीला बसूच दिलं नाही (त्या स्वतः प्रोटेस्टंट म्हणून वाढलेल्या, पण ते कोण बघतंय). मग एकटीच अमेरिकेला, हातात जेमतेम पैसे, डॉक्टरकी परत शिकायची म्हणून ४८ मेडिकल कॉलेजांना अर्ज, त्यातल्या एकाने घेतलं, फिलाडेल्फियातल्या बायकांच्या कॉलेजने. एक नकार आला की आम्ही आठवडाभर तोंड पाडून बसायचो. १९४० ला एमडी झाल्या, पुढे सिनसिनाटीत मुलांचं हॉस्पिटल, लग्न, मुलं, जरा बस्तान बसतंय तोवर नवराबायको दोघं कम्युनिस्ट म्हणून तिथूनही निघायची वेळ आली. पूर्व बर्लिनला परत पहिल्यापासून सुरुवात, आणि १९६९ ला शारिटे हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विषयाच्या प्रोफेसर, युरोपात ह्या विषयाचं असं पद पहिलंच.

पण तोंडी ती राहिलीच होती. १०२ व्या वर्षी दिली! डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ओळखीची माणसं नेटवर माहिती शोधून त्यांना फोनवर सांगायची, एवढ्या वर्षांत घटसर्पात काय काय नवीन झालं ते. तीन प्रोफेसर बर्लिनला घरी आले, दिवाणखान्यात पाऊण तास प्रश्न विचारले, बाई पास.

ती बातमी मी आपल्या बाईंना फोनवर वाचून दाखवली, त्यांनाही आता फारसं दिसत नाही. मधे एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते झालं गं, पण जंतूचं नाव आठवलं का तुला?"