सहा डोसांची पट्टी

अण्णांच्या दवाखान्यात औषधासाठी बाटली घरून आणावी लागे. खेडच्या बाजारपेठेतल्या त्या दोन खोल्यांबाहेरच्या बाकावर सकाळपासून माणसे बसलेली असत, आणि प्रत्येकाच्या हातात, पिशवीत किंवा पदराआड एक धुतलेली बाटली असे. कुणाची चपटी, कुणाची उभट, कुणाची उघड उघड दारूची. अण्णा बाटलीवरून माणसाबद्दल मत बनवीत नसत. कंपाउंडरकाका मात्र प्रत्येक बाटली नाकाशी धरून पाहत आणि शंका आली की पुन्हा धुऊन आणायला लावीत.

बाटलीत मिक्श्चर भरले की तिच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवायची. शाळा सुटल्यानंतर हे काम माझ्याकडे असे. पाठकोऱ्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी औषधाच्या उंचीइतकी कापायची, तिची आधी तीन पदरी आणि मग मधोमध घडी घालायची, आणि ती घडी न उलगडता तिचे चारही कोपरे कात्रीने तिरके उडवायचे. उलगडली की दोन्ही कडांना खाचा पडून सहा सारखे डोस दिसू लागत. मागे मैद्याची खळ लावून ती चिकटवली की काम झाले. दिवसातून तीन वेळा एकेक डोस, म्हणजे दोन दिवसांचे औषध. तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी होई आणि तिच्याबरोबर रोगीही पुन्हा डोळ्यांखालून जाई. औषध दोनच दिवसांचे का, याचे हे खरे कारण मला फार उशिरा कळले. तोवर मी त्याला काटकसर समजत होते.

बाटल्या सगळ्या वेगळ्या असल्यामुळे तयार पट्ट्यांचा गठ्ठा करून ठेवण्याची सोय नव्हती, प्रत्येक बाटलीचे माप नव्याने घ्यावे लागे. औषधही खांद्यापर्यंतच भरायचे, कारण गळ्याशी बाटली निमुळती होते आणि तिथे पट्टीवर डोस सारखा दिसला तरी पोटात कमी जातो. एकदा मी घाईत वाकडी घडी घातली. अण्णांनी ती पट्टी बोटाने सोलून काढली आणि मला विचारले, "तिसरा डोस मोठा झाला, तर सहाव्याच्या वेळी त्याने काय प्यायचे?" आवाज चढला नव्हता, पण बाकावरच्या सगळ्यांनी ऐकले होते. मी दुसरी पट्टी कापली.

पोटासाठीचे गुलाबी मिक्श्चर सगळ्यांच्या आवडीचे होते. त्यात वेलदोड्याचा अर्क असे आणि पुदिन्याचा थंडावा असे. काही मुले पोट दुखत नसतानाही दुखते म्हणून सांगत. तो गुलाबी रंग कोचिनीलचा, म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून काढलेला, हे अण्णांनी आम्हाला घरी जेवताना सांगितले आणि वर बजावले की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. एकादशीला कांदासुद्धा न शिवणारी कितीतरी माणसे तो किडा दिवसातून तीन वेळा श्रद्धेने पोटात घेत होती. अण्णांच्या तोंडून ऐकलेला हा बहुधा एकमेव विनोद, आणि तोही त्यांनी हसू न येऊ देता सांगितला.

बाटलीत न मावणारी दुखणीही होती. कोकणातला तांबडा विंचू हे त्यातले सर्वांत वाईट. लाकडाच्या रचाईत किंवा पेंढ्यात हात घालणाऱ्याला तो डसे. मग घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, आणि काही तासांनी छातीत पाणी होऊन धाप. पूर्वी डंखाच्या जागी भूल देणारे इंजेक्शन टोचून उशाशी बसून राहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे, आणि मांत्रिकाकडे रात्र घालवून आलेले मूल कित्येकदा सकाळ पाहत नसे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात 1976 साली रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या विषाचा हृदयावर होणारा परिणाम रुग्णांच्या उशाशी बसून टिपला, 1982 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर लागू पडते हे त्यांनी दाखवून दिले. आमच्या दवाखान्यात 'लॅन्सेट' येत नव्हते, पण महाड काही लांब नाही. हे ज्ञान एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे, बोलता बोलता, घाट उतरून आले.

त्या गोळीची एक रात्र मला स्पष्ट आठवते. बाकावर आडवा घातलेला तरुण घामाने भिजला होता. अण्णांनी एक मिलिग्रॅमची गोळी काचेच्या तुकड्यावर ठेवली, कंदील जवळ ओढला आणि ब्लेडने ती बरोबर मधोमध कापली. अर्धी त्याला दिली आणि उरलेली अर्धी कागदाच्या पुडीत गुंडाळून पुडीवर वेळ लिहिली. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून त्याला उठून बसू द्यायचे नव्हते; त्याची आई त्याला पाणी पाजायला म्हणून सारखी उठवू पाही आणि अण्णा दर वेळी त्याच शांत शब्दांत तिला नको म्हणत. पहाटे त्याचे पाय गरम लागले. अण्णांनी ते दोन्ही तळहातांत थोडा वेळ धरून ठेवले, मग हात धुतले आणि चहा मागितला.

घरी ते इतकेही बोलत नसत. दहावीच्या गुणपत्रिकेवर त्यांचा अभिप्राय "बरे आहे" एवढाच होता, आणि माझ्या लग्नाच्या पंगतीतून उठून ते व्हिजिटला गेले ते पाठवणीच्या थोडे आधी परतले. याचा राग मी पुष्कळ वर्षे जपला. तो गेला असे म्हणणार नाही, पण आता त्याचीही उंची उतरली आहे.

पुढे गोळ्यांच्या चकचकीत पाकिटांनी बाटल्यांना हद्दपार केले. 'स्ट्रिप' या शब्दाला अण्णा कधी पट्टी म्हणाले नाहीत, तेवढा मान त्यांनी कात्रीने कापलेल्या कागदालाच ठेवला. 2005 च्या जुलैत जगबुडी नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा कपाटातले जुने केसपेपर, मोजपात्रे आणि मागच्या खोलीत उगाच राखून ठेवलेल्या शेदोनशे रिकाम्या बाटल्या गेल्या. अण्णांनी केसपेपरांबद्दल हळहळ केली, बाटल्यांबद्दल केली नाही.

ते गेल्यावर दिवसकार्य आटोपून मी खाडीपलीकडच्या एका वाडीत गेले होते. तिथल्या आजींना दम्यासाठी अण्णांनी वर्षानुवर्षे औषध दिलेले. चुलीजवळच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली होती, आणि तिच्या अंगावर खाचा पाडलेली कागदाची पट्टी. कागद जुना नव्हता. कॅलेंडरच्या पानाचा होता, लाल रंगातली एक तारीख अर्धी कापली गेली होती. तेल आठवडाभर पुरावे म्हणून त्या दर सोमवारी नवी पट्टी कापतात, असे सुनेने सांगितले.

मी मोजले आणि म्हटले, "आजी, आठवड्याचे सात दिवस, आणि पट्टीत तर सहाच आहेत."

"बाय," त्या म्हणाल्या, "डाक्टर सहाच देत."