ट्रॉन्डहाइमच्या थंडीसाठी बेळगावात विणलेले हातमोजे

भाची शिकायला नॉर्वेला गेलीय, ट्रॉन्डहाइमला. तिथं डिसेंबरात दिवस म्हणजे जेमतेम साडेचार तासांचा, बाकी सगळा अंधारच. एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं दुकानातले काळे-पांढरे हातमोजे दाखवले, पाठीवर आठ पाकळ्यांचं मोठं फूल, किंमत ऐकून मी गप्पच झाले. म्हणाली, मावशी, तू विणशील की असलं! मग काय, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

विणकाम मी शिकले ते छावणीत. ह्यांची नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत, लग्नानंतर बरीच वर्षं उत्तरेकडं काढली, तिथं दुपारी उन्हाला बसून पहाडी बायकांच्या हाताकडं बघत बघत सुलट-उलट हातात बसलं. रिटायर होऊन शहापूरला आलो तरी सुया काही सुटल्या नाहीत. ह्या वेळी मात्र ऐन जुलैत बसले, म्हणजे पार्सल थंडीच्या आधी पोचेल. बाहेर आपला बेळगावचा पाऊस, आणि शेजारच्या वहिनी दारातनंच, "असल्या पावसात लोकर घेऊन काय करूलालीस गे?"

तर हे हातमोजे सेलबू नावाच्या गावचे, ट्रॉन्डहाइमपासून जवळच. 1857 साली मारित एम्स्टाड नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीनं दोन रंगांत ही नक्षी विणली आणि बहिणींबरोबर ते हातमोजे घालून चर्चला गेली, तिथनं सगळ्या गावानं ते उचललं असं सांगतात. पुढं लग्नात नवरीकडनं पाहुण्यांना असे हातमोजे द्यायची पद्धतच पडली. विचार करा, किती जोड्या विणत असतील त्या मुली लग्न ठरायच्या आधीपासून!

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे ती नक्षी नुसती दिसायला नाहीय. दोन रंगांनी विणताना एक धागा पुढं टाक्यात असतो तेव्हा दुसरा मागनं आडवा जात असतो, म्हणजे कापड आपोआप दुहेरी होतं आणि मधे हवा अडकते, ती हवाच ऊब धरते. त्यात बोटं सगळी एका खोलीत, अंगठा तेवढा वेगळा, त्यामुळं बोटं एकमेकांना गरम ठेवतात. पाच बोटांच्या मोज्यात प्रत्येक बोट एकटं गारठतं. मी आता कुणी विचारलं की हेच सांगते, फूल जितकं भरगच्च तितका हात गरम.

पण हे सगळं खऱ्या लोकरीचं हं. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं, रंग छान, हाताला मऊ, पण खऱ्या थंडीत त्याचा उपयोग नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, बर्फाच्या गावात हे फार महत्त्वाचं. ओळखायचं सोपं आहे, इंचभर धागा जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो, ज्योत लांब नेली की विझते आणि राख बोटानं चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे, मी तुकडा मागून घेतेच. शेवटी भाचीनंच तिकडनं येणाऱ्या मैत्रिणीबरोबर दोन रंगांच्या लडी पाठवल्या.

विणायचं गोल, दोन्ही टोकांच्या पाच बारीक सुयांवर, चार सुयांवर टाके आणि पाचवीनं विणत जायचं. मनगटाला दोन सुलट दोन उलटची पट्टी घातली. मूळ सेलबूत बायकांच्या मोज्याला जाळीचं मनगट असतं, दिसतं सुंदर, पण मला घट्ट बसणारं हवं होतं, वारं आत जायला नको. मग वर नक्षी सुरू. इथं मला आपला धारवाडी कशिदा उपयोगी पडला. आईकडं इरकली साडीवर गोपुर, तुळशीवृंदावन काढताना कापडावर आखायचं नाही, फक्त धागे मोजायचे हा हट्टच होता, आणि सेलबूचा आलेखही तसाच, एक चौकोन म्हणजे एक टाका. त्यामुळं कागद बघून घाबरायला झालंच नाही.

मागचा धागा ओढायचा नाही हे मात्र शंभरदा सांगीन. ओढला की मोजा आकसतो, हात आत जात नाही. पाच टाक्यांपेक्षा लांब धागा मोकळा सोडायचा नाही, मधे एकदा अडकवून घ्यायचा, नाहीतर घालताना बोट त्यात गुंततं. अंगठ्याच्या जागी तेवढे टाके टाकाऊ धाग्यानं विणून ठेवायचे आणि सरळ पुढं जायचं, नंतर तो धागा उसवला की वरखालचे टाके मोकळे होतात, ते सुयांवर घेऊन अंगठा विणायचा. डाव्या उजव्याचं तेवढं ध्यानात ठेवा, फूल पाठीवर आणि तळहाताला बारीक नक्षी, म्हणून अंगठ्याची बाजू बदलते.

जोडी पोचली, भाचीला बरोबर बसली, आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीलाही हवीय आता. तिला फोनवरच बजावलंय, कोमट पाण्यात नुसतं बुडवून काढ, चोळू नको, पिळू नको, नाहीतर आटून नमदा होईल, टॉवेलवर आडवं टाकून वाळव.

आता माझ्या डोक्यात दुसरंच आहे. आपल्याकडच्या धनगरांची मेंढरं बहुतेक काळी, काही पांढरी, म्हणजे रंग न देताच दोन रंग तयार. घोंगड्याची लोकर हाताला टोचते हे खरं, पण कोकराची पहिली कातरण, जावळ म्हणतात ती, बरीच मऊ असते. खानापूरकडच्या ओळखीतल्या एका घोंगडीवाल्या काकांना सांगून ठेवलंय, जावळाचं सूत बारीक कातून मिळालं तर दुसरी जोडी त्याचीच विणणार आणि ती ह्यांना, पहाटे फिरायला जाताना घालायला.