डायनॅमोचा दिवा

दुपारी ३:४० ची फ्लाइट ४:५० ची झाली तेव्हा आम्ही चौघंही समजूतदारपणे हसलो, होतं असं कधीकधी. ५:३५ ची झाली तेव्हा एक जण चार्जिंग पॉइंट शोधायला उठला. मग बोर्डावरून वेळच गेली, नुसतं 'डिलेड' उरलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझे पाय मघापासून खुर्चीखाली आपले आपण हलताहेत. आठ दिवस रोज साठ-सत्तर किलोमीटर सायकल ओढलेल्या पायांना सुट्टी संपल्याचं कोणी कळवलंच नव्हतं बहुतेक. त्यात ती भोकाभोकांची लोखंडी खुर्ची, सीटवर बसून बसून जो भाग आधीच हुळहुळा झालाय नेमकी तिथेच टोचणारी. शेवटी मी उभीच राहिले.

सायकल खोक्यात गेलेली. काल रात्री हॉटेलच्या पार्किंगमध्ये दोन तास त्यातच गेले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे मला माहितीये, वर्षानुवर्षं माहितीये, तरी दर वेळी मी पाना आधी चुकीच्याच बाजूला जीव खाऊन फिरवते, पेडल अजून घट्ट बसतं, आणि शेजारी उभा असलेला मित्र 'उलटे आटे' एवढंच म्हणतो, ते पण अशा आवाजात की सायकलऐवजी त्यालाच बबल रॅपमध्ये गुंडाळावं. मग चाकातली हवा सोडली. खरं तर गरज नसते. सामान ठेवतात त्या विमानाच्या पोटातसुद्धा प्रवाशांइतकाच हवेचा दाब राखलेला असतो, फार तर आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तेवढा, त्याने टायर फुटत नाही. पण काउंटरवर विचारतातच, हवा काढलीये ना? तिथे मागे एवढी रांग असताना विज्ञान शिकवत बसायचं का? त्यापेक्षा सोडलेली बरी.

माझा एक हट्ट आहे, फोनवर अॅप असताना मी उठून बोर्डाकडेच जाते. अॅपवर विश्वास बसत नाही. आणि बोर्डावर तरी कुठे बसतो, पण निदान त्याच्याकडे मान वर करून बघता येतं, परीक्षेचा निकाल लागल्यावर यादीत नंबर शोधायचो तसं. दर दहा मिनिटांनी एक फेरी. मित्र म्हणाला, अगं बस की, कळेल ना इथे. त्याला असल्या गोष्टींची फार माहिती असते. विमानवाल्यांकडे म्हणे उशिरालाही नंबर असतात, आणि आपलं विमान आधीच्या फेरीवरूनच उशिरा येत असेल तर तो ९३ नंबरचा उशीर. म्हणजे आपल्या उशिराचं कारण दुसरा उशीर, त्याचं कारण तिसरा, असं मागे मागे जात राहिलं तर आज सकाळी कुठल्यातरी गेटवर एक माणूस बोर्डिंग पास सापडत नाही म्हणून सगळे खिसे चाचपत उभा असणार. मला तो माणूस अगदी दिसायला लागला. खाकी जॅकेट, सात-आठ खिसे.

आणि तसं बघायला गेलं तर पहिलंवहिलं विमानही लेटच होतं की. राइट बंधू मूळचे सायकलवाले, दुकानात सायकली विकायचे, दुरुस्त करायचे, पुढे स्वतःच्या पण बनवायला लागले. विमानाचे पंखेसुद्धा त्यांनी इंजिनाला चेन लावूनच फिरवले. १९०३ च्या नोव्हेंबरात सगळं तयार, आणि पंख्याच्या शाफ्टला तडा. धाकटा ऑरव्हिल नवीन शाफ्ट करून आणायला थेट घरी गेला, परत आला तेव्हा ११ डिसेंबर उजाडला होता. १४ तारखेला विमान जेमतेम उचललं आणि आपटलं, मग तीन दिवस पुन्हा दुरुस्ती, आणि १७ ला एकदाचे उडाले, १२ सेकंद. मी बोर्डापर्यंत जाऊन येते त्याला चार मिनिटं लागतात. पण त्यांचं एक बरं होतं, उशीर का होतोय ते त्यांना हाताला लागत होतं. तडा दिसत होता. आम्हाला नुसती घोषणा, 'ऑपरेशनल कारणांमुळे'. हे ऐकून कोणाचं समाधान झालेलं मी तरी पाहिलं नाही.

बाबांच्या सायकलला डायनॅमो होता. मागच्या टायरला घासून वीज तयार करणारी ती छोटी बाटली, आणि हँडलपुढे डबड्याएवढा दिवा. आमच्या घराकडे यायला चढ होता, आणि मी संध्याकाळी गॅलरीच्या गजांत नाक खुपसून बसायचे. लांबून यायचा तेव्हा दिवा चांगला पांढरा असायचा, चढ लागला की पिवळा, अर्ध्यात आला की नारिंगी, आणि बाबा उतरून सायकल ढकलायला लागले की नुसता निखाऱ्यासारखा धुगधुगता ठिपका. मी आत ओरडायचे, बाबा चढावर आले! थकले असले की आधीच पिवळा पडायचा. म्हणजे आज काही मागायचं नाही.

एक दिवस दिवा आलाच नाही. आई दोनदा गॅलरीत येऊन गेली, पहिल्यांदा पदराला ओले हात पुसत, दुसऱ्यांदा हात कोरडे होते तरी पुसत. बोलली काहीच नाही, मला आत ये पण म्हणाली नाही. मग बऱ्याच वेळाने अंधारातून फ्रीव्हीलचा आवाज आला, टिक टिक टिक, हळू. चेन अडकून बसली होती, कुठून कोण जाणे चालत आले होते, आणि कंटाळून डायनॅमोही टायरवरून बाजूला केलेला. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. आई म्हणाली, आधी हात धुवा. बस, एवढंच. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

खिडकीतून खाली आमची खोकी दिसत होती, पट्ट्याजवळच्या गाडीवर चार उभी. चारही बाजूंना मोठे बाण काढलेत मार्करने, ही बाजू वर, आणि त्यातलं एक पठ्ठ्यांनी बरोब्बर उलटं ठेवलेलं. माझंच असणार. धावपट्टीच्या टोकाला एक दिवा उतरताना दिसला, सगळे उठले, बॅगा खांद्याला लावल्या. ते दुसऱ्याच गेटला गेलं. विमानाचा दिवा काही पिवळा होत नाही, दमून येतंय की काय ते कळत नाही त्यावरून. सगळे परत बसले. खाकी जॅकेटवाल्याला मी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

आईला सकाळीच सांगून ठेवलं होतं, रात्री उशीर होईल, तू झोप, माझ्याकडे किल्ली आहे. आता पुन्हा मेसेज टाकला, 'अजून इथेच आहे, वेळ सांगत नाहीयेत.' तिला टायपिंगचा कंटाळा, एरवी उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. फोन पर्समध्ये ठेवेपर्यंत वाजला.

'बरं.'