आमची वाटचाल : अंबडचा गाळा आणि द्राक्षांचा काटा

नाशिकला द्वारकेजवळच्या एका इंजिन बोअरिंगच्या दुकानात मी ११ वर्षं हेडकाम केलं, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग दुरुस्त करायचं काम. मग पतसंस्थेचं कर्ज काढून अंबड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला. एक जुनं ड्रिल मशीन, सीट कटरचा सेट आणि हाताखाली एक पोऱ्या, एवढंच भांडवल. सुरुवातीचे दिवस सगळ्यांचे जातात तसेच आमचे गेले, त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखी आहे ती माझी चूक.

एका गिऱ्हाइकाच्या पेट्रोल गाडीचं हेड आलं. सीटा, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतात त्या कडा, आधी कुणीतरी कापलेल्या होत्या, मी परत कापल्या. पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटेत, रॉकेल ओतून पाहिलं, थेंब गळेना. टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांतली फट) लावला, गाडी दिली. आठवड्याने ते मुंबईहून परतताना कसारा घाटात दुसऱ्या गिअरला जोर लावला की इंजिन फडफडायचं, पाय काढला की पुन्हा शहाणं. त्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, आणि शेवटी हेड माझ्याच बाकावर परत आलं.

सीट कापली की व्हॉल्व्ह आत बसतो आणि त्याची दांडी दुसऱ्या बाजूला तेवढीच वर येते. दांडीला अडकवलेला रिटेनर, म्हणजे स्प्रिंगवरची टोपी, तोही वर सरकतो. स्प्रिंगला पसरायला जागा मिळते आणि तिचा दाब उतरतो. त्या हेडमध्ये स्प्रिंग ३८ मिलिमीटरवर बसायला हवी होती, ती ३९.२ वर बसली होती. ही स्प्रिंग मिलिमीटरला ३ किलो दाब धरणारी. मोकळी लांबी ४६, म्हणजे ३८ वर २४ किलो दाब मिळायचा, ३९.२ वर २०.४ च उरला. ६००० आरपीएमला एक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. व्हॉल्व्ह दाबून उघडणारा कॅम पुढे निघून जातो, ढिली स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत सीटवर आणू शकत नाही. आवाज मात्र काहीच येत नाही, कारण दांडी वर आली की टॅपेटचा गॅप मारला जातो, आपण तो नीट लावून देतो आणि खूश होतो. मीही झालो होतो.

दाब मोजायला मशीन हवं, पण तेव्हा ते घ्यायची ऐपत नव्हती. पिंपळगावच्या एका द्राक्षबागायतदार काकांकडून पेट्या तोलायचा जुना वजनकाटा घेतला आणि ड्रिल मशीनच्या टेबलावर ठेवला. काट्यावर स्प्रिंग, स्प्रिंगवर लोखंडी चकती. ड्रिलचा हात दाबत न्यायचा, व्हर्निअरच्या मापपट्टीवर ३८ आले की थांबायचं आणि काटा वाचायचा. शेजारच्या गाळ्यातले लोक बघायला यायचे. ‘‘अहो शेठ, द्राक्षं कुठंयत?’’

बसती उंची काढायला मात्र मशीन लागत नाही. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, रिटेनर आणि त्याला दांडीवर धरणारे लॉक बसवायचे, रिटेनर हाताने घट्ट वर ओढून धरायचा आणि स्प्रिंग टेकते तिथपासून रिटेनरच्या खालच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. अॅल्युमिनियमच्या हेडवर स्प्रिंगखाली वॉशर असतो, तो ठेवूनच. प्रत्येक व्हॉल्व्हचं माप वेगळं येतं, त्यामुळे १६ व्हॉल्व्ह असतील तर १६ मापं. जास्त आलेली उंची स्प्रिंगखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालून भरून काढायची.

दुसरी चूक याच हुशारीतून झाली. रॅलीसाठी गाडी बांधणारा एक मुलगा जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम घेऊन आला. मी सवयीने अर्ध्या मिलिमीटरचे शिम घातले, दाब चांगला आला म्हणून समाधान वाटलं. त्या स्प्रिंगची तार ४ मिलिमीटरची, वेढे ७, म्हणजे पूर्ण दाबली की २८ मिलिमीटरला वेढ्याला वेढा चिकटणार. बसती उंची शिमसकट ३७.५, कॅमची लिफ्ट ९.६, उरले २७.९. पाटीवर करायची वजाबाकी मी केलीच नव्हती. चाचणीतच कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा एक रॉकर तुटला आणि कॅमचं नाक खरवडलं गेलं. कॅमचे पैसे मी भरले. तो पोरगा एका शब्दाने बोलला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून पूर्ण लिफ्टवर वेढ्यांत निदान दीड मिलिमीटर, आणि रिटेनर व गाईडचं (दांडी ज्यातून सरकते त्या नळीचं) सील यांच्यामध्येही तेवढीच जागा दिसल्याशिवाय हेड बांधत नाही. दाट वेढ्यांचं तोंड हेडकडे, कारण उलटं बसवलं की हलणाऱ्या टोकाला जास्त वजन येतं. स्प्रिंग काचेवर उभी करून गुण्या लावायचा, कललेली असेल तर बाजूला.

धंदा खरा वाढला तो सीएनजीने. गॅस कोरडा जळतो, सीट झिजते, व्हॉल्व्ह आत जात राहतात. अशी हेडं आता दर आठवड्याला येतात. सीट फार खाली गेली असेल तर शिमची चळत लावण्यात अर्थ नाही, नवी सीट रिंगच बसवावी लागते. गिऱ्हाइकाला हा खर्च पटवणं हे सीट बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. ते खातं आमच्या सौंकडे. त्या प्रत्येक व्हॉल्व्हची उंची, दाब आणि शिमची जाडी एका कार्डावर लिहितात, ते कार्ड हेडसोबत जातं. मेकॅनिक त्याला ‘कुंडली’ म्हणतात.

आज आम्ही सहा जण आहोत. दोघं सातपूरच्या आयटीआयतून आलेली, त्यांतली मुलगी माझ्याहून सफाईने माप घेते. गेल्या वर्षी खरा स्प्रिंग टेस्टर घेतला. पहिल्याच दिवशी तिने एकच स्प्रिंग टेस्टरवर आणि द्राक्षांच्या काट्यावर दाबून पाहिली. फरक निघाला अर्ध्या किलोचा. कोणाचं खरं यावर आमच्यात अजून वाद आहे, म्हणून काटा तिथेच ड्रिलखाली आहे.