चेकपॉइंट अडकला आणि सगळे म्हणाले, टाइमआउट वाढवा: माझा अनुभव

मी छत्रपती संभाजीनगरातून काम करते. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांतल्या यंत्रांची सेन्सर रीडिंग काफ्कातून (संदेश रांगेत साठवणारी प्रणाली) फ्लिंकमध्ये (डेटा येईल तसा हिशोबात घेणारी प्रणाली) येतात आणि दर तासाला यंत्रागणिक हिशोब निघतो. जॉब, म्हणजे हा हिशोब करणारा प्रोग्राम, लिहिला, क्लस्टरवर (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांवर) चढवला, स्टेटसाठी, म्हणजे चालू हिशोबाच्या साठ्यासाठी, रॉक्सडीबी हा डेटाबेस लावला. इथवर काहीच त्रास झाला नाही.

त्रास दिला चेकपॉइंटनं, म्हणजे जॉब पडला तर तिथून पुढं सुरू करता यावं म्हणून फ्लिंक ठरावीक वेळानं साठवतो त्या स्टेटच्या प्रतीनं. एमआयडीसीत लाइट गेली की गेटवे (सेन्सरची रीडिंग पुढं पाठवणारी उपकरणं) रीडिंग साठवून ठेवतात आणि लाइट आली की सगळी एकदम ओततात. नेमका तेव्हाच चेकपॉइंट ‘एक्स्पायर’ व्हायचा, म्हणजे मुदतीत पुरा व्हायचा नाही. ही मुदत, म्हणजेच टाइमआउट, फ्लिंकमध्ये मुळात 10 मिनिटांची. शिवाय किती फसलेले चेकपॉइंट खपवून घ्यायचे याची मूळ सेटिंग 0, म्हणून एक फसला की जॉब रीस्टार्ट. रीस्टार्ट झाला की शेवटच्या यशस्वी चेकपॉइंटमधल्या काफ्का ऑफसेटपासून (कुठवर वाचलं त्या खुणेपासून) पुन्हा सुरुवात, म्हणजे जुनं साचलेलं आणि नवीन येणारं एकत्र अंगावर. मग पुढचा चेकपॉइंट आणखी रखडणार. या फेऱ्यातून जॉब आपोआप बाहेर येत नाही.

क्लस्टर पुण्याच्या प्लॅटफॉर्म टीमच्या ताब्यात. तिकिटाच्या फॉर्मात स्टेटचा आकार, लॉग, स्क्रीनशॉट, सगळं भरलं. उत्तर आलं: ‘स्टेट मोठी झाली असेल, टाइमआउट वाढवा.’ स्टेट लहान आहे हे मी दिलेल्या स्क्रीनशॉटमध्येच दिसत होतं! पुन्हा लिहिलं, तर नवीन माणूस आला आणि त्यानं तोच फॉर्म परत भरायला सांगितला. त्याचा सल्ला होता, पॅरललिझम वाढवा, म्हणजे काम जास्त समांतर भागांत वाटा. मधल्या काळात कारखान्यातले लोक मला फोन करून विचारायचे, ‘मॅडम, आज रिपोर्ट येणार का नाही?’

शेवटी फ्लिंकच्या वेब पानावरचा चेकपॉइंटचा टॅब उघडून एकेक सबटास्क (कामाचा समांतर चालणारा एक भाग) बघत बसले. सिंक आणि ॲसिंक वेळ (स्टेटची प्रत काढून साठवायला लागणारा) किरकोळ होता, म्हणजे स्टेट लिहायला उशीर होतच नव्हता. फुगला होता तो स्टार्ट डिले, म्हणजे चेकपॉइंटची खूण (बॅरियर) सबटास्कपर्यंत पोचायला लागलेला वेळ, आणि तोही एकाच सबटास्कचा. बॅरियर सोर्सकडून (जिथून डेटा जॉबमध्ये शिरतो) रेकॉर्डांच्या रांगेतूनच चालत येतो, रांग तुंबली की तोही तुंबतो. शिवाय पुढच्या ऑपरेटरला (जॉबमधल्या पुढच्या टप्प्याला) सगळ्या इनपुटांवरचा बॅरियर हवा असतो. वऱ्हाडाची एक गाडी मागं राहिली म्हणून मंगलाष्टकं थांबावीत, तसं.

तो सबटास्क 100 टक्के बिझी आणि बाकीचे रिकामे. एका कारखान्याचा गेटवे यंत्राचा क्रमांक कोराच पाठवत होता. माझ्या जॉबमध्ये रीडिंग यंत्राच्या क्रमांकावरून, म्हणजे कीवरून, सबटास्कांत वाटली जातात. कोरा क्रमांक हीसुद्धा एक कीच, त्यामुळे ती सगळी रीडिंग एकाच सबटास्कवर जाऊन आदळत होती. पॅरललिझम कितीही वाढवला तरी एक की दोन जागी जात नाही. हे सापडलं तेव्हा, खरं सांगते, दुरुस्तीपेक्षा ते पुण्याला कळवण्याचाच आनंद जास्त झाला.

कोऱ्या क्रमांकाची रीडिंग कीबायच्या (की बघून वाटणी करण्याच्या) आधीच साइड आउटपुटला (बाजूच्या वेगळ्या प्रवाहात) काढली. तोवर तात्पुरते अनअलाइन्ड चेकपॉइंट चालू केले होते. हे फ्लिंक 1.11 पासून आहेत. यात बॅरियर रांग ओलांडून पुढं जातो आणि वाटेतला डेटा चेकपॉइंटमध्येच साठवला जातो. फ्लिंकचे चेकपॉइंट ज्यावर बेतले आहेत त्या चँडी-लॅम्पोर्ट या संशोधकांच्या 1985 च्या मूळ पद्धतीतही वाटेतले संदेश टिपले जातात, त्यामुळे हे त्याच्या जास्त जवळचं. मात्र चेकपॉइंट जड होतो आणि मूळ तुंबा तसाच राहतो. मी ते नंतर पूर्ण बंद केले नाहीत, अलाइन्डला (बॅरियर रांगेतूनच येतो त्या नेहमीच्या चेकपॉइंटला) ठरावीक वेळ देऊन मग अनअलाइन्डवर जाणारी सेटिंग ठेवली.

आणि हो, टाइमआउट वाढवायच्या आधी स्टार्ट डिले आणि ॲसिंक वेळ शेजारी-शेजारी ठेवून बघा. ॲसिंक मोठा असेल तरच स्टेट किंवा स्टोरेजकडे वळा, तिथं इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग साठवणाऱ्या) चेकपॉइंटचा उपयोग होतो.

हे आधीच सांगायला हवं होतं: जॉब कॅन्सल केला की चेकपॉइंट मूळ सेटिंगनुसार पुसले जातात. ते राखून ठेवायची सेटिंग पहिल्या दिवशीच लावा. प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचा यूआयडी, म्हणजे कायमची ओळख, हीही द्या, म्हणजे जॉब बदलला तरी कुठली स्टेट कुणाची हे फ्लिंकला कळतं. मी दिले होते म्हणून साइड आउटपुट घालूनही जुन्या सेव्हपॉइंटवरून (आपण स्वतः काढून ठेवलेल्या स्टेटच्या प्रतीवरून) जॉब उभा राहिला.