'१००% बाय' म्हणजे नक्की किती जणांचं?

शेअरच्या अ‍ॅपवर एखाद्या छोट्या तेल कंपनीच्या नावापुढे हिरव्या गोलात '१००% बाय', म्हणजे सगळे अ‍ॅनालिस्ट 'घ्या' म्हणतायत, असं दिसलं ना, की आधी खाली बारीक अक्षरात बघायचं किती अ‍ॅनालिस्ट आहेत ते. बऱ्याचदा एक. एकच! म्हणजे त्या एकट्याचं मत हाच 'कन्सेन्सस' (सगळ्यांचं मिळून मत), आणि उद्या त्याने नोकरी बदलली की रेटिंगच गायब. ओएनजीसीचं वेगळं, तिच्यावर ढीगभर ब्रोकरेजचे अ‍ॅनालिस्ट रिपोर्ट लिहितात, तिथे सरासरीला काहीतरी अर्थ असतो.

आमच्या शेअरवाल्या ग्रुपवर सध्या हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन, म्हणजे एचओईसी, जोरात चालू आहे म्हणून लिहितोय. कंपनी जुनी, १९८३ ची, एचडीएफसीवाल्या एच. टी. पारेखांनी काढलेली. आसामात दिरोकला गॅस, त्यात हिचा वाटा २७%, बाकीचा ऑइल इंडिया आणि इंडियन ऑइलचा, आणि इकडे मुंबईच्या समुद्रात बी-८० नावाचं छोटं फील्ड.

आता गंमत या बी-८० ची. तिथलं तेल रोजच्या रोज विकलं जात नाही, समुद्रातच एका जहाजात साठवतात आणि पुरेसं साठलं की एकदम एक कार्गो उचलला जातो. समजा कार्गो २ लाख बॅरलचा आहे, भाव ७० डॉलर, डॉलर ८५ रुपये, तर झाले जवळपास ११९ कोटी. हा कार्गो ३० मार्चऐवजी ३ एप्रिलला उचलला गेला तर तेल तेवढंच, भाव तोच, पण मार्च तिमाहीचा सेल्स धाडकन खाली, आणि लगेच सगळीकडे 'एस्टिमेट मिस', म्हणजे अंदाजापेक्षा कमी आकडे, म्हणून बोंब. पुढच्या तिमाहीत तेच लोक 'जबरदस्त रिझल्ट' म्हणून नाचणार. अशा कंपनीचा तिमाहीचा ईपीएस (दर शेअरमागचा नफा) दोन दशांशांपर्यंत सांगणाऱ्याचं मला खरंच कौतुक वाटतं.

दुसरं म्हणजे खर्च. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मचं, जहाजाचं भाडं तेलाचा भाव बघून कमी होत नाही. १०० रुपयांच्या विक्रीवर ७० खर्च ठरलेला असेल आणि भाव १०% पडला तर नफा ३० वरून २०, म्हणजे एक तृतीयांश साफ. म्हणून अ‍ॅनालिस्टचा रिपोर्ट उघडला की मी टार्गेट (शेअरचा अंदाजे भाव) नंतर बघतो, आधी त्याने ब्रेंट, म्हणजे कच्च्या तेलाचा जागतिक भाव, किती धरलाय आणि रोजचं उत्पादन किती धरलंय ते शोधतो, सगळं टार्गेट तिथेच ठरलेलं असतं. आणि विहिरी मोजक्याच, त्यातली एक बिघडली आणि पावसाळा तोंडावर असला तर समुद्र शांत होईपर्यंत दुरुस्तीला थांबायची पाळी येऊ शकते, हे एक्सेलमध्ये कुठे बसवणार?

सरकारचा झटका असतोच वर. १ जुलै २०२२ ला देशातल्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये विंडफॉल टॅक्स (भाव चढल्याने अचानक झालेल्या नफ्यावरचा कर) लागला आणि त्याच दिवशी ओएनजीसी, ऑइल इंडिया दणकून आपटले. पण आधीच्या वर्षात २० लाख बॅरलपेक्षा कमी काढणाऱ्यांना सूट होती, म्हणजे छोट्यांचा त्यात फायदाच, तरी बऱ्याच जणांनी ती ओळ वाचलीच नव्हती. तो टॅक्स डिसेंबर २०२४ मध्ये गेला.

बाकी रिपोर्टचं शेवटचं पान, जे कोणी वाचत नाही, ते वाचाच. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे अ‍ॅनालिस्टला तिथे सांगावं लागतं की त्याचा किंवा त्याच्या फर्मचा त्या शेअरमध्ये हितसंबंध आहे का, गेल्या १२ महिन्यांत कंपनीकडून पैसे मिळालेत का. एकच अ‍ॅनालिस्ट असला की हे पान टार्गेटपेक्षा जास्त महत्त्वाचं. ग्रुपवर परवा मी विचारलं, पुढचा कार्गो कधी आहे माहितीये का कुणाला, तर उत्तर म्हणून परत तोच हिरवा गोल आला.