आमची वाटचाल: वखराच्या दुकानातून रिंगांपर्यंत

दर्यापूर तालुक्यात रस्त्याला लागून आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं तेव्हा वखर, डवरे, तिफणी हेच काम होतं. पुढे ट्रॉल्या आणि गेटं आली. आज त्याच दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये सकाळी पाच वाजता वीसेक माणसं रिंगांना, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधल्या टांगत्या कड्यांना, लटकलेली असतात. त्यातली निम्मी चाळिशीच्या पुढची. हे कसं झालं, असं लोक विचारतात म्हणून लिहितो.

२०१६ मध्ये माझं वय ३७, वजन ८४ किलो. ट्रॉलीचा फाळका उचलताना कंबर धरली ती तीन आठवडे. त्याच दिवसांत आमचे शाळेचे जुने व्यायामाचे सर गेट दुरुस्तीला घेऊन आले. सर तरुणपणी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात मल्लखांब शिकलेले. मंडळ १९१४ पासूनचं, तिथली मुलं १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आली, हे सर कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मला म्हणाले, "एक पाइप आडवा वेल्ड कर अन् त्याले लटकून पाह्य. काही करू नको, नुसता लटक."

लटकलो. अकरा सेकंदांत हात सुटले. दिवसभर घण मारणारा माणूस मी, आणि स्वतःचं वजन स्वतःला पेलवत नाही, हे फार लागलं.

रिंगा मी स्वतःच करायच्या ठरवल्या. पाऊण इंची पाइप बाहेरून सत्तावीस मिलिमीटरच्या आसपास भरतो, स्पर्धेची रिंग २८ मिलिमीटर जाडीची, म्हणजे काम जमलंच समजा. वाकवला, जोडला, ग्राइंडर मारला. दिसायला झकास! पण घाम आला की लोखंड साबणासारखं निसटतं आणि मे महिन्यात दुपारी हात लावायची सोय नाही. मग सागाच्या फळीतून गोल कापला. तो तिसऱ्या दिवशी, मी वर असतानाच, कडकन तुटला. एका फळीतून गोल कापला की दोन जागी लाकडाचे रेषे आडवे येतात आणि नेमकं तिथंच मोडतं. सुताराला हे माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. त्यानंच मग पातळ पट्ट्या वाफवून साच्यावर गुंडाळल्या, थरावर थर चिकटवले. सागात तेल असतं, डिंक धरत नाही, म्हणून प्रत्येक पट्टी आधी थिनरनं पुसून घ्यावी लागते. आतून १८ सेंटिमीटरची ती पहिली जोडी अजून शेडमध्ये आहे, हाताला लागून लागून काळी पडलेली.

आधी मी आणि सुतार दोघंच होतो. मग कृषी केंद्रवाला, एक एसटीचा कंडक्टर, दोन शिक्षक. २०१७ च्या दसऱ्याला महिना ३०० रुपये फी ठेवली. पोरंही आली, पण पोरांना बॉडी हवी होती, तीसुद्धा लग्नसराईच्या आत. "भाऊ, महिना झाला, दंड काही दिसून नाही रायले." सात-आठ जण असेच गेले. तेव्हा वाईट वाटायचं, आता नाही.

खरी चूक मी स्वतःवरच केली. आठ महिन्यांत वजन ७५ वर आलं, खांदे भरले, आणि मी मसल-अपच्या मागे लागलो. म्हणजे रिंगांना लटकून झटक्यानं छाती वर काढायची आणि हात सरळ करून रिंगांवर अंग तोलायचं. रोज, दोन्ही वेळ. एके दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली. पुढचे पाच महिने चहाची किटली उचलतानाही ती कळ यायची. सरांनी नंतर समजावलं. स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तो दीड-दोन महिन्यांत जोर दाखवतो. त्याला हाडाशी बांधणारी कंडरा, आपण जिला नस म्हणतो, तिला रक्त कमी, ती मागं राहते. लहानपणापासून शिकणाऱ्या पोराची ती खेळता खेळता तयार होते. चाळिशीत सुरू करणाऱ्याला तिची वाट पाहावी लागते. अंगात जोर आलेला असतो, हेच धोक्याचं.

तेव्हापासून आमच्याकडे पहिले तीन महिने एकच मुख्य काम. रिंगा छातीइतक्या खाली घ्यायच्या. स्पर्धेत त्या जमिनीपासून २८० सेंटिमीटरवर असतात, आम्हाला पाय टेकवता आले पाहिजेत. कोपर सरळ ठेवून हातांवर अंग तोलून धरायचं, खांदे खाली दाबायचे, रिंगा अंगाला लागू द्यायच्या नाहीत. पहिल्या दिवशी हात असे थरथरतात, जसा ढिला झालेला इंजिनचा पट्टा. ६० सेकंद स्थिर झाला, की तळवे बाहेर फिरवून पुन्हा शून्यापासून. त्यानंतर डिप्स (कोपर वाकवून खाली जायचं, पुन्हा वर यायचं), हातांवर तोलून पाय पुढे ताणून बसणं, पुल-अप (लटकून हनुवटी वर ओढणं). पायांना मात्र रिंगा पुरत नाहीत. त्यासाठी युरियाची ४५ किलोची गोणी छातीशी धरून उठबशा. फीही महिन्याऐवजी तिमाहीची केली. तीन महिन्यांच्या आत काही दिसत नाही, हे पावती फाडतानाच सांगून टाकतो. काही जण तिथूनच परत जातात.

प्रोटीनची पावडर आम्ही विकत नाही. एक पोरगा घरचं सोयाबीन मातीमोल भावात विकून त्याच पैशात डबा घेऊन आला होता, त्याच्यावर सर जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

बायकांची बॅच दुपारची, ती माझी घरची पाहते. कापूस वेचणाऱ्यांची बोटं मजबूत, उकिडवं बसणं तर जन्माचं. पण हात डोक्यावर नेऊन ओढायची सवय नाही. अंगणवाडीतल्या एक ताई, वय ४४, पहिल्याच दिवशी चाळीस सेकंद लटकल्या. माझे अकरा मी कोणाला सांगत नाही.

ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला निम्मी माणसं गायब. फी कापूस विकला की. हे आमच्या धंद्याचं कॅलेंडर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शेड बंद पडली, तेव्हा रिंगांनीच घर चालवलं. अमरावती, अकोला, नागपूरकडून ऑर्डरी आल्या, ६४ जोड्या गेल्या. आता ते दुकानाचं वेगळं कामच झालं आहे.

राहिली एक डोकेदुखी, ती आमच्या मातीची. हा खारपाणपट्टा, खाली खारं पाणी आणि वर चिकण काळी माती. उन्हाळ्यात भेगेत हात जाईल इतकी जमीन फाटते, पावसात तीच फुगते. पहिल्या वर्षी गाडलेले खांब श्रावणात असे कलले, की एक रिंग दुसरीपेक्षा दोन बोटं खाली. आता चौकट नुसती मुरमावर ठेवलेली आहे, गाडलेली नाही, आणि दर महिन्याला ओळंबा लावतो. परवाच्या पावसानंतर दीड सूत, म्हणजे पाचेक मिलिमीटर, फरक निघाला. रविवारी बॅचवाल्यांनाच पाट्या घेऊन बोलावलं आहे, मुरूम भरायला.